चौकटीत कुणीतरी हसायला हवं

छोट्या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो खिशात मावतो, आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे तो खिशात मावतो हे सगळ्या नातेवाइकांना माहीत असतं. मोठ्या कॅमेरावाल्याला लोक आधी विचारतात की बाबा, तुला वेळ आहे का. मला नुसतं सांगतात, "येताना तो घेऊन ये." जणू छत्रीच आहे.

मी घरं विकून देणाऱ्या एका एजंटकडे कामाला आहे. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायचे, हे माझं काम. त्या कामाला हा साबणाच्या वडीएवढा डबा फार सोयीचा. मोठा कॅमेरा घेऊन बाथरूममध्ये शिरलं की एकतर तो आत राहतो नाहीतर आपण. हा मात्र कपाटाच्या खणात ठेवा, पडद्याच्या दांडीवर टेकवा, कुठूनही खोली दीडपट दाखवतो. शिवाय त्याला कुणी घाबरत नाही. मोठी लेन्स समोर आली की माणसं पोट आत घेतात. हा समोर आला की विचारतात, "काय रे, वेळ बघतोयस का?"

आता तोटे. बॅटरी महत्त्वाच्या क्षणापर्यंत भरलेली दिसते आणि त्या क्षणी डोळे मिटते. उन्हात मागच्या पडद्यावर फक्त आपलंच तोंड दिसतं, त्यामुळे मी कित्येक घरांचे दर्शनी भाग निव्वळ श्रद्धेवर टिपलेत. बटणं उंदराच्या बोटांच्या मापाची. आणि वर एक बारीक चाक, त्यावर इवलीइवली चित्रं: साधा फोटो, रात्र, बर्फ, कुत्रा-मांजर, आणि एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्यावर चाक आणलं की बटण दाबूनही कॅमेरा फोटो काढत नाही. तो समोर कुणी हसण्याची वाट बघतो आणि हसू दिसलं की स्वतःच काढतो. ही सोय कुणी मागितली होती ते मला माहीत नाही. हे चाक खिशातल्या खिशात फिरतं. एका घराचं स्वयंपाकघर मी असंच बर्फावर ठेवून काढलं होतं, आणि एजंटानं त्याखाली "भरपूर नैसर्गिक उजेड" असं छापलं होतं.

तर शुक्रवारी सकाळी मावशीचा फोन आला. "तो साबण घेऊन ये."

मावशी कवळ्या बनवते. डेंटिस्ट माप पाठवतो, ती त्यावरून दात बसवून देते. तिची लॅब म्हणजे घरातलीच रस्त्याकडची खोली. मधे एक टेबल, टेबलावर लहानसा बर्नर, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, दात घासून गुळगुळीत करायची मोटर, आणि प्लास्टरचे जबडे बसवून चावून बघायचं एक पितळी यंत्र. या सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. मावशीवरही. तिचे केस पांढरे झाले तेव्हा घरात बराच काळ कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

खोलीत रेफरी आजोबा बसले होते. आयुष्यभर फुटबॉलच्या सामन्यांना शिट्टी वाजवलेला माणूस. आता वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या मावशीच्या हातच्या, आणि मावशीच्या मते तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

"मोठ्या क्लिनिकनं फोटो मागवलेत," मावशी म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत. त्यांना सगळ्या कवळ्या एकाच ठिकाणी द्यायच्या आहेत. मला किंवा चिमणीला."

चिमणी म्हणजे मावशीकडे काम शिकलेली मुलगी. तिनं आता गावाच्या पलीकडच्या टोकाला मशीनवाली मोठी लॅब टाकली होती.

"आणि चिमणीला मिळालं तर?"

"तर हे टेबल उचलायचं. माझे जुने डेंटिस्ट सगळे संपले. शेवटच्यानं माझ्याकडूनच कवळी करून घेतली आणि दवाखाना बंद केला. चिमणी म्हणते, माझ्याकडे या मावशी, खिडकीजवळची जागा देते. मेण कसं तापवायचं ते मी तिला शिकवलं, आणि ती मला खिडकी देणार."

"फोनवर काढ ना फोटो."

"फोनचे नकोत म्हणाले. फोन दात आपल्या मनानं पांढरे करतो. काल स्टुडिओवाल्याला बोलावलं होतं. तो छत्र्या, दिवे, स्टँड घेऊन आला, आणि आजोबांनी तोंडाला कुलूप घातलं."

"माझ्याकडे असं कुणी रोखून बघितलं की मला वाटतं पेनल्टी मागतायत," आजोबा म्हणाले. "आपण बघायचं दुसरीकडे."

मी खिशातून कॅमेरा काढला. आजोबांनी तो बघितला आणि खुर्चीत सैल झाले. "हा? हा चालेल. हा तर सुपारीच्या डबीसारखा आहे." छोट्या कॅमेऱ्याचं हे एक सुख. अपमानानं सुरुवात होते, पण काम सोपं होतं.

म्हणजे सहसा होतं. चाक खिशात फिरून हसऱ्या चेहऱ्यावर गेलं होतं. मी साध्या फोटोवर आणलं, बोट काढलं, ते परत हसऱ्यावर. पुन्हा आणलं, पुन्हा गेलं. मी अंगठ्यानं चाक दाबून धरलं आणि त्याच हातानं बटण दाबायला गेलो तर कॅमेरा बंद झाला, कारण बंद करायचं बटण बरोबर तिथेच आहे. दोन्ही हातांनी धरला तर माझं बोट लेन्सपुढे. पहिल्या फोटोत माझं बोट आणि त्यामागे आजोबांचा एक कान आला.

"दे इकडे," मावशी म्हणाली.

ती भिंगाचा चष्मा चढवून चाकाकडे बघायला लागली. मी खिडकीपाशी जाऊन एजंटाचा फोन घेतला. सोमवारी एका तीन खोल्यांच्या रिकाम्या घराचे फोटो हवे होते, त्याबद्दल तो बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो. मागे टोचणीचा किरकिर आवाज, मग हवेचा फुस्स, मग मोटर. बोलणं संपवून मी वळलो तर मावशी कॅमेरा फडक्यानं पुसत होती.

"हलत होतं," ती म्हणाली. "खाली खाच झिजली होती. साफ केली आणि भरून टाकली. आता हयातीत हलायचं नाही."

चाकाच्या बुडाशी गुलाबी रंगाची एक सुबक कडा आली होती. कवळीची हिरडी ज्या मसाल्याची करतात त्याची. घासून, चकाकी देऊन. तिनं कॅमेऱ्याला हिरडी बसवली होती. चाक हसऱ्या चेहऱ्यावर पक्कं होतं.

"मावशी, हे साध्यावर बसवायचं होतं."

"मला काय माहीत. हसणाऱ्या माणसाचं चित्र होतं. आपल्याला दातांचा फोटो काढायचाय. मी म्हटलं, हेच असणार."

मी कडा नखानं खरवडून बघितली.

"नख तुटेल," मावशी म्हणाली. "माझं काम आहे ते."

माझ्या डोळ्यांपुढे सोमवारचं घर आलं. रिकामी खोली हसत नाही.

पण ते सोमवारचं. आज निदान समोर माणूस होता आणि त्याला दात होते. मी म्हटलं, "आजोबा, आता तुम्ही फक्त हसा. बाकी सगळं हाच करतो."

आजोबा हसले. म्हणजे त्यांच्या मते हसले. ओठ जरा लांबले, मधले दात दिसले न दिसलेसे झाले. कॅमेऱ्यानं त्यांच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट काढली आणि थांबून राहिला.

"काढलास?"

"अजून हसा."

"एवढंच असतं माझं. मैदानावर याच्यापेक्षा जास्त हसलो असतो तर मार खाल्ला असता."

"आणखी थोडं."

"अरे, मी जावयाच्या लग्नातसुद्धा—"

"मुलीच्या," मावशी म्हणाली.

"तेच ते."

पिवळी चौकट त्यांच्या तोंडावरून ढळेना आणि फोटोही निघेना. शेवटी आजोबा वैतागून पाणी प्यायला बाजूला झुकले, आणि कॅमेरा खट्‌ खट्‌ खट्‌ करून तीनदा वाजला. पडद्यावर बघितलं. आजोबांच्या मागच्या फळीवर ते पितळी यंत्र होतं. वर दोन स्क्रू, खाली प्लास्टरचा जबडा, त्यात मेणावर बसवलेले दात. कॅमेऱ्याला ते हसतंय असं वाटलं होतं. त्याचे तिन्ही फोटो अप्रतिम होते.

मी हसलो. मावशी हसली नाही. तिनं कॅमेरा घेतला, फोटो मोठा करून बघितला, मग आजोबांच्या तोंडात बघितलं, मग पुन्हा फोटोत.

"याचे वरचे दात पूर्ण दिसतायत," ती म्हणाली. "आजोबांचे अर्धेच."

"मावशी, हा दोन स्क्रू आणि एक जबडा आहे."

"मशीन खोटं कशाला बोलेल? त्याला आजोबांशी काय वैर आहे? क्लिनिकवाल्यांनाही मग असंच वाटेल. म्हणतील, दात कुठायत."

"अगं, माणसाचे एवढेच दिसतात. तूच तर असं शिकवतेस."

"मी शिकवते. चिमणीही तेच शिकली. तिच्या फोटोत काय असेल विचार कर."

मी विचार केला. चिमणीच्या फोटोत काय असेल ते मला माहीत नव्हतं, पण तिच्या कॅमेऱ्याला हिरडी नसेल हे नक्की.

मावशीकडे आजोबांच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा होताच. तिनं बर्नर पेटवला आणि मेणावर नवे दात लावायला बसली. वरचे पुढचे सहा दात मूळच्यापेक्षा लांब आणि थोडे बाहेर. मी समजवायचा प्रयत्न केला की कॅमेऱ्यात एक प्रोग्राम असतो, त्याला दातांतलं काही कळत नाही. ती म्हणाली, "मला तरी फोटोतलं कुठे कळतं, म्हणून मी ऐकतेय ना?" असं म्हणणाऱ्या माणसापुढे कुणाचं काय चालतं.

आजोबा पेपर वाचत होते. मधेच म्हणाले, "हे कुणासाठी चाललंय?"

"तुमच्यासाठी."

"माझे बसलेत की. काल मी चणे खाल्ले."

"कॅमेऱ्यासाठी," मी म्हणालो.

"त्याला चणे खायचेत?"

जेवायच्या सुमाराला मेणाची कवळी तयार झाली. आजोबांनी आपली कवळी काढून पेल्यात ठेवली आणि ही लावली. मावशी म्हणाली, "गरम काही प्यायचं नाही, मेण आहे. आणि चावायचं नाही."

"मग हे दात आहेत कशाला?"

हे वाक्य पुरतं व्हायच्या आत कॅमेरा वाजला. आम्ही तिघंही दचकलो. आता त्यांचा वरचा ओठ मिटतच नव्हता, त्यामुळे ते काहीही करत असले तरी कॅमेऱ्याला हसू दिसत होतं. ते म्हणाले, "हे काय झालं," खट्‌. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, खट्‌. मावशी म्हणाली, "छान, हलू नका," तर ते म्हणाले, "मी घरी जातो," खट्‌ खट्‌. एखादा माणूस इतका चिडलेला असताना इतका आनंदी कधी टिपला गेला नसेल. मी लेन्सवर हात ठेवला तेव्हा कुठे तो गप्प बसला.

मावशीच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "बघ. चूक माझीच होती."

मी फोटो आजोबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा कोण?"

"तुम्ही."

"हा माणूस लाल कार्ड दाखवून परत घेईल," आजोबा म्हणाले. "हा नाही पाठवायचा."

"आजोबा, फक्त फोटोपुरतं. तुमचे दात तुमच्याकडेच राहणार आहेत."

"चेहराही माझ्याकडेच राहू द्या. उद्या क्लिनिकात हे भिंतीवर लावतील. माझ्या हाताखाली खेळलेली पोरं आता म्हातारी होतायत. ती तिथेच येणार. त्यांनी मला असं बघायचं?"

मावशी खुर्चीत बसली. "आजोबा, संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर सोमवारी मी चिमणीला हो म्हणते. मग तुमची कवळी सैल झाली की तुम्ही तिकडे या. मी खिडकीतून हात हलवेन."

आजोबांनी मेणाची कवळी काढून टेबलावर ठेवली आणि पेल्यातली आपली लावली. मावशी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला दोघांचंही पटत होतं, आणि अशा वेळी माणसानं घरी जावं. पण कॅमेरा माझा होता.

मी तो टेबलावर टाकला आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं. हिरडीवाला कॅमेरा, सोमवारचं घर, जावयाचं लग्न, सगळं एकदम आठवलं आणि मला हसू यायला लागलं. वेडसर, पोटातून येणारं, ज्यात आनंद औषधालाही नसतो असं. खट्‌.

कॅमेरा माझ्याकडे तोंड करून पडला होता. फोटोत मी दात काढून हसत होतो, आणि माझ्या शेजारी, तोंड किंचित उघडं ठेवून, "याला काय झालं" असं विचारणारे आजोबा. त्यांच्या त्यांच्या दातांसकट. जरा अंधुक, डोक्याचा वरचा भाग कापलेला, पण अगदी तेच.

"मावशी," मी म्हणालो, "त्याला चौकटीत कुणीतरी हसायला हवंय. आजोबाच हवेत असं काही नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे तू त्यांच्या बाजूला उभी राहा आणि हस. मी तुला कापून टाकतो."

"कापून?"

"फोटोतून."

मावशी जाऊन उभी राहिली आणि हसली. कॅमेऱ्याला ते मान्य झालं नाही. खरं सांगायचं तर मलाही झालं नसतं. ती दात दाखवत होती पण डोळ्यांत पूर्ण चिमणी होती. शेवटी आम्ही कॅमेरा प्लास्टरच्या डब्यावर ठेवला, मावशी त्याच्यामागे बसली आणि मी आजोबांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो.

"तुम्ही नुसतं बोलत राहा," मावशीनं आजोबांना सांगितलं. "काहीही. तोंड उघडं राहिलं पाहिजे."

"काय बोलू?"

"ऑफसाइड म्हणजे काय ते मला कधी कळलं नाही."

आजोबा मोहरले. त्यांनी ऑफसाइड सांगायला घेतला. आधी नियम, मग त्याचे अपवाद, मग तो न कळणारे लोक, त्यांत त्यांचा जावई. बाजूला मी हसत उभा. एकदा खरं हसू येतं, दुसऱ्यांदा येतं, त्यानंतर गाल दुखतात. मी जुने विनोद आठवले. ते संपल्यावर एजंटाचा "भरपूर नैसर्गिक उजेड" आठवला, त्यावर चार फोटो निघाले. पाचव्याच्या आधी बॅटरी गेली. ती भरेपर्यंत आजोबांनी मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण मावशीनं चुकून "म्हणजे गोलकीपर धरायचा का?" असं विचारलं होतं.

ऊन उतरायला लागलं तोवर तीन चांगले फोटो हातात होते. मी स्वतःला त्यांतून कापलं. एकात माझ्या गालाचा तुकडा कडेला राहिलाच, पण तो भिंत म्हणून खपण्यासारखा होता. फोटो पाठवले, आणि मावशीनं चहा टाकला.

चहा गाळायच्या आत क्लिनिकच्या खरेदीवाल्या बाईंचा फोन आला. मावशीनं स्पीकर लावला.

"फोटो मिळाले," बाई म्हणाल्या. "पण आम्ही कवळीचे मागवले होते."

"कवळीचेच आहेत."

"हे तर त्यांचे स्वतःचे दात दिसतायत. एक जरा वाकडासुद्धा आहे."

"तो मी वाकडा बसवलाय. त्यांचा तसाच होता."

"हो, पण मला वर दाखवायचंय. दुसऱ्या लॅबकडून आलेल्या फोटोंत कसं लगेच कळतं. तुम्ही आधीचा एक पाठवा ना, दात नसतानाचा, हसतानाचा. आणि नंतरचा. आमचं पाच वाजता बंद होतं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याकडे बघितलं. पडद्यावर बॅटरीचं लाल चित्र लुकलुकत होतं. आणि माझ्या गालांत आता भिंतीइतकाच जीव उरला होता.

"द्या इकडे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी फोन घेतला. मग शांतपणे दोन्ही कवळ्या काढून पेल्यात टाकल्या आणि फोनमध्ये ऑफसाइडचा नियम सांगायला सुरुवात केली.

मी तो दिवसभर ऐकला होता, तरी मला एक अक्षर कळलं नाही. लोडशेडिंगमध्ये सापडलेल्या मिक्सरसारखा आवाज येत होता.

"हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या. "लाइन खराब आहे."

आजोबांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, जे त्यांना दिसत नव्हतं. कवळ्या पेल्यातून काढल्या, झटकल्या, बसवल्या, आणि तोच नियम पहिल्यापासून खणखणीत सांगितला. स, श, फ, सगळं जागच्या जागी. अपवादांपर्यंत पोचले तेव्हा बाई म्हणाल्या, "एक मिनिट. आधी तेच बोलत होते?"

"मीच," आजोबा म्हणाले. "लाइन चांगली आहे. दात पेल्यात होते. परत काढून दाखवू?"

बाई म्हणाल्या, "नको. माझ्या सासूबाई कवळी लावूनही असं बोलत नाहीत." मग कागदांचा आवाज. "बाई, सोमवारपासून मापं पाठवते. सुरुवातीला वरच्या कवळ्या तुम्हाला, खालच्या तिकडे. दोन्ही नीट जुळल्या तर पुढचं बघू."

मावशीनं फोन ठेवला. "वरच्या माझ्या आणि खालच्या चिमणीच्या," ती म्हणाली. "एकाच तोंडात." ती खूश होती की चिडली होती ते कळेना. बहुधा दोन्ही. तिनं टेबलावरची मेणाची लांब दातांची कवळी उचलली, बर्नरवर धरली आणि एकेक दात सोडवून डबीत टाकायला लागली.

मी कॅमेरा खिशात घालून निघालो तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याच बाई होत्या.

"एक सांगायचं राहिलं. फोटो आमच्या डॉक्टरांना आवडले. नैसर्गिक आहेत म्हणाले. आता प्रत्येक पेशंटचा असाच पाठवायचा. कॅमेरा बदलू नका, सगळे एकसारखे यायला हवेत."

मावशी हो म्हणाली. मला न विचारता म्हणाली.

तेव्हापासून दर आठवड्याला मी तिच्या लॅबमध्ये जातो. दात नव्यानं लावलेले लोक खुर्चीत बसतात, गंभीरपणे समोर बघतात आणि आपापलं बोलतात. आजवर मी ऑफसाइड, गुडघ्याचं ऑपरेशन, दोन घटस्फोट आणि पाण्याच्या टाकीवरून झालेलं एक मोठं भांडण ऐकलंय, आणि प्रत्येकाच्या खांद्याला खांदा लावून हसलोय. परवा एक आजी यजमानांच्या आजारपणाचं सांगत होत्या. मधेच थांबून त्यांनी मावशीला विचारलं, "हा मुलगा बरा आहे ना?"

"बरा आहे," मावशी म्हणाली. "तो कामावर आहे."